सिंधुदुर्गातील चार नोंदी

सुटीत आपल्या समाजातील अनेक कुटुंबे कोकणात उतरतात. समुद्रस्नान, नौकाविहार आणि काजूची खरेदी एवढ्यावरच बहुधा बेत संपतो. मुले बरोबर असतील तर पुढील चार गोष्टीही त्यांना अवश्य सांगाव्यात.

विज्ञान : 18 ऑगस्ट 1868 रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्ग, जमखंडी, विजापूर, गुंटूर अशी भारत ओलांडून गेली. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून, हेलियमचा शोध नॉर्मन लॉकियर यांनी येथेच लावला, असे सांगितले जाते. मात्र रोजमेळ खतावणीशी ताडून पाहण्याची आपली सवय येथेही पाळावी. ग्रहणसमयी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट अभ्यासला. त्यातील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना. ती नव्या मूलद्रव्याची ठरली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर हा वायू 1895 मध्ये विल्यम रॅम्झे यांना एका खनिजात सापडला. म्हणजे आधी सूर्यावर, नंतर भूमीवर! खरी हकीकत दंतकथेहून कमी रंजक नाही.

इतिहास : मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, 1667 मध्ये किल्ला पूर्ण झाला. चहूकडे खारा समुद्र असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने लहान बेटांवर ते वरच्या थरात टिकू शकते. मात्र उपसा बेताचाच हवा. हाव धरली की खारे पाणी आत शिरते. अपरिग्रहाचा याहून सोपा पाठ कोणता?

कला : द्यूत हे सप्त व्यसनांपैकी एक असल्याने आपल्या घरांत पत्त्यांना मज्जाव असे. तरीही सावंतवाडीची गंजिफा कलाकृती म्हणून पाहावी. दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने असतात : दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर ती हाताने रंगवितात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रंगविलेली चित्रे एकेक करून दाखवीत रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगितले जातात. या कलेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

शिक्षण : संस्कृतचे महापंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म 6 जुलै 1837 रोजी मालवणचा. 1862 मध्ये मुंबई विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानड्यांसोबत तेही होते. मुंबई इलाख्यातील हस्तलिखितांच्या शोधकार्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि 1883-84 च्या अहवालात त्यांनी जैन ग्रंथांचाही परामर्श घेतला. त्यांच्या नावाची संस्था पुण्यात 6 जुलै 1917 रोजी स्थापन झाली. सरकारी हस्तलिखितांचा जो संग्रह तिच्याकडे आला, त्यात जैन पोथ्यांचा मोठा भरणा आहे.

ही चौथी नोंद आपल्या घराशी येऊन भिडते. जुने वाडे पाडून सदनिका उभ्या राहत आहेत आणि आजोबांच्या पेटीतील हस्तलिखित पोथ्या व जुन्या वह्या रद्दीच्या वजनात जात आहेत. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. त्या दिवशी केवळ वासक्षेप वा अक्षता वाहून थांबू नये. पोथी सुती वस्त्रात बांधावी, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. शेवटच्या पानावर लेखनिकाचे नाव, गाव आणि संवत असल्यास ते उतरवून घ्यावे. मग सर्व पोथ्यांची यादी करून तिची एक प्रत गावातील मंदिराच्या ग्रंथभांडारात द्यावी. दुकानातील मालाचा साठा आपण दरवर्षी मोजतो. ज्ञानाचा साठा निदान एकदा तरी मोजावा.