गव्हातले लोह आणि सूनबाईच्या गोळ्या

दिवाळीनंतर एक शेतकरी गृहस्थ सुनेला घेऊन दवाखान्यात आले. सूनबाईंना पाचवा महिना. पापण्या आतून पांढुरक्या, जिना चढताना धाप, हिमोग्लोबिन ८. गृहस्थ म्हणाले, "डाक्टरसाहेब, लोहवाला गहू निघाला म्हनतेत. तोच पेरतो अन् त्याच्याच पोया खाऊ घालतो. मंग ह्या गोया कायले? पोरीले मळमळते."

प्रश्न रास्त आहे, कारण बातमी खरी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस ४०२८' ही बन्सी गव्हाची जात काढली. ती महाराष्ट्र व कर्नाटकासाठी अधिसूचित झाली. गहू बुटका, कोरडवाहूत येणारा, सुमारे १०२ दिवसांत तयार होणारा. हेक्टरी सरासरी उत्पादन १९ क्विंटल. प्रथिने १४.७ टक्के. किलोमागे लोह सुमारे ४६ आणि जस्त ४० मिलिग्रॅम. हे काही वरून मिसळलेले नाही; बियाण्याचाच तो गुण आहे.

हरितक्रांतीच्या काळात देशाला पोटभर धान्य हवे होते, म्हणून क्विंटलकडे लक्ष होते. आता दाण्यात काय आहे, तेही शास्त्रज्ञ पाहू लागले आहेत. ते आवश्यकच होते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

पण वाचकहो, थोडा हिशेब करू. दिवसाला २०० ग्रॅम कणीक धरली, तर साध्या गव्हातून सुमारे ६ मिलिग्रॅम लोह मिळते, या गव्हातून ९. त्यातलेही थोडेच अंगी लागते, कारण कोंड्यातील फायटेट लोहाला धरून ठेवते. सरकारी दवाखान्यातील गरोदर स्त्रीच्या एका गोळीत लोह असते ६० मिलिग्रॅम. पोळीने झीज थोडी भरून निघेल. पण झालेला रक्तक्षय तिने बरा होणार नाही.

मग करावे काय? पोळीसोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घ्यावा. त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणानंतर तासभर तरी चहा नको. मळमळत असेल तर लोहाची गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. शौचास काळी झाली तर घाबरू नये. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगावे, आपल्या मनाने बंद करू नये. बाळंतपणानंतरही सहा महिने ती घ्यायची असते.

त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, "दादा, गहू जरूर पेरा. पण तुम्ही आज पेराल तो फाल्गुनात घरी येईल, आणि तोवर नातवंड येण्याची वेळ जवळ आलेली असेल. त्याला रक्त आज हवे आहे."

सूनबाई हसल्या. गोळ्यांचे पाकीट त्यांनी पदराच्या गाठीला बांधले.