सूर्यास्ताची दोन निमंत्रणे

लंडनच्या रीजंट्स पार्कच्या पश्चिमेला, एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर, दोन इमारती आहेत. एक लंडन बिझनेस स्कूलची. 1964 साली स्थापन झालेली ही संस्था जॉन नॅशच्या आराखड्यातल्या जुन्या, पांढऱ्याशुभ्र ससेक्स प्लेसमध्ये भरते. दुसरी, सोनेरी घुमटाची लंडन सेंट्रल मशीद. सहाव्या जॉर्ज बादशहाने 1944 मध्ये येथल्या इस्लामिक सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन केले आणि 1977 साली आजची मशीद उभी राहिली. बिझनेस स्कूलमध्ये आठवड्यातून एका संध्याकाळी सगळे विद्यार्थी हातात ग्लास घेऊन जमतात. या मेळाव्याचे नाव ‘सनडाउनर्स’. सूर्य मावळताना घ्यायच्या पेयाला वसाहतींतल्या साहेबांनी दिलेले हे नाव. रमजानमध्ये पलीकडच्या मशिदीतही लोक सूर्य मावळण्याचीच वाट पाहत बसलेले असतात, हातात खजूर घेऊन. एकाच सूर्यास्ताची दोन निमंत्रणे, आणि दोन्ही एकाच विद्यार्थ्याला आलेली.

कोंढव्यातून, मालेगावातून किंवा मुंब्र्यातून एमबीएसाठी परदेशी गेलेल्या मुलाला किंवा मुलीला अभ्यासाचा धाक कमी वाटतो. गणित येते, इंग्रजी येते, नोकरीचा चार-पाच वर्षांचा अनुभवही असतो. अडते ते संध्याकाळी सहानंतर. बिझनेस स्कूलमध्ये पुस्तकाइतकीच, किंबहुना काकणभर जास्त, किंमत ओळखींना असते. फीचे पैसे निम्मे शिक्षणाचे आणि निम्मे ओळखींचे, असे तिथे सर्रास बोलले जाते. आणि ओळखी होतात त्या बहुधा बारमध्ये. अमेरिकेतही तेच. व्हार्टनमध्ये गुरुवारचा ‘पब’, केलॉगमध्ये शुक्रवारचा ‘टीजी’, शिकागोच्या बूथमध्ये तर गुरुवारच्या मंडळींनी आपल्या नावातच ‘ड्रिंकिंग क्लब’ लावून टाकला आहे. फ्रान्समधल्या फाँतेनब्लो येथे इन्सिआडचे विद्यार्थी आसपासच्या गावांत जुने वाडे आणि शातो भाड्याने घेऊन एकत्र राहतात, आणि तिथल्या मेजवान्यांच्या गप्पा माजी विद्यार्थी वीस वर्षांनीही रंगवून सांगतात. अभ्यासक्रम जेमतेम दहा महिन्यांचा. तेवढ्यात मैत्री जमवायची, नोकरी मिळवायची आणि आपण कोण हेही सांभाळायचे.

दारू प्यायची नाही, एवढाच प्रश्न असता तर सोपा होता. घरातून निघताना तेवढे ठरलेलेच असते. खरा प्रश्न असतो तो जायचे की नाही, हा. दारूच्या मैफलीत नुसते बसणेही योग्य नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. काही मुले ते काटेकोर पाळतात आणि सहानंतर वसतिगृहाची खोली गाठतात. पण सल्लागार कंपनीत दहा वर्षे काढलेला माजी विद्यार्थी भेटतो तो तिथेच. कुठल्या विभागात माणसे घेताहेत, मुलाखतीत काय विचारतात, हे तो व्याख्यानात सांगत नाही, काउंटरला टेकून सांगतो. न जाणाऱ्याचे नुकसान होते, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा लागतो. दुसरी मुले लिंबू-सोड्याचा ग्लास घेऊन तासभर उभी राहतात, पाच माणसांशी बोलतात आणि दंगा वाढायच्या आत निघतात. आता बिनअल्कोहोलची बिअरही सगळीकडे मिळते. पण लांबून पाहणाऱ्याला बाटली बाटलीसारखीच दिसते, म्हणून ती नको म्हणणारेही बरेच. शिवाय इतर मुसलमान विद्यार्थी सगळे एका साच्यातले नसतात. तुर्की वर्गमित्र वाइन पितो आणि रोजेही धरतो. मलेशियाची मुलगी हिजाब घालून गटाची सूत्रे हलवते. नायजेरियाचा पोरगा पाचही नमाजी पढतो आणि नाचायलाही सर्वात पुढे. घरी ‘मुसलमान असा असतो’ हे एकच चित्र पाहिलेल्या मुलाला इथे पहिला धक्का मुसलमानांकडूनच बसतो.

या बाबतीत त्याला समदुःखी भेटतो तो अनेकदा मराठी घरातलाच, सोलापूरचा किंवा सांगलीचा जैन वर्गमित्र. त्यालाही कांदा-लसूण, अंडे, मांस सांभाळायचे असते, आणि गटाच्या जेवणाला गेल्यावर तोही उकडलेले बटाटे चिवडत बसतो. दोघे मिळून हॉटेल निवडू लागले की बाकीचे सात जण नाक मुरडतात, पण येतात.

रमजान आला की हे सगळे प्रश्न एकदम वेळापत्रकात उतरतात. प्रवासी आणि आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे, हे वाचकांना ठाऊक असेल. पण परदेशात शिकणारा विद्यार्थी प्रवासी धरायचा का? हनफी मताप्रमाणे एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा केला की माणूस मुसाफिर राहत नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्याकडे तर ही मर्यादा चारच दिवसांची. म्हणजे वर्षभर लंडनला राहणाऱ्याला ती पळवाट नाही. मुलाखतीसाठी दोन दिवस दुसऱ्या देशात गेला तर गोष्ट वेगळी. तेव्हा सवलत घ्यावी की रोजा धरूनच मुलाखत द्यावी, यावर खोल्यांमधून रात्ररात्र वाद चालतात, आणि ते वाद बाजारातल्या भावांवरच्या वादांपेक्षा अधिक पोटतिडकीचे असतात.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. 2015 आणि 2016 मध्ये तो जूनमध्ये आला तेव्हा लंडनमध्ये रोजा साडेअठरा तासांच्या आसपास होता. इफ्तार रात्री सव्वानऊनंतर, तरावीह संपायला मध्यरात्र उलटायची आणि लगेच सेहरी. त्या काळातल्या विद्यार्थ्यांनी झोपेचे दोन तुकडे करून दिवस काढले. 2025 चा रमजान मार्चमध्ये आला तेव्हा रोजा तेरा-चौदा तासांचा, म्हणजे आपल्याकडच्यासारखाच. मात्र अमेरिकेत त्याच महिन्यात, 9 मार्चला, घड्याळे एक तास पुढे गेली. आदल्या संध्याकाळी सहाच्या आत सुटणारा रोजा दुसऱ्या दिवशी सातच्या जवळ गेला. रोजा तेवढाच, पण घड्याळ पाहणाऱ्या पोटाला ते कोण समजावणार?

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये नव्वदेक विद्यार्थ्यांची एक तुकडी असते, शिकवणे सगळे उदाहरणांच्या चर्चेतून, आणि अनेक विषयांत निम्मे गुण वर्गात बोलण्याला. प्राध्यापक कोणालाही अचानक उभे करून सुरुवात करायला सांगतात. दुपारी कोरड्या घशाने हे करणे ही वेगळीच कसरत आहे. जाणती मुले सकाळच्याच तासाला हात वर करून आपले बोलून घेतात. दुपारी ऐकतात.

एकटेपणाचा खरा चटका सेहरीला बसतो. इफ्तारला कोणी ना कोणी असतेच, पण पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात आपण आणि फ्रिजची घरघर. घरी अम्मी दाराची कडी वाजवून उठवायच्या, गल्लीत डफ वाजायचा. इथे मोबाइल वाजतो, तोही हळू आवाजात, शेजारची इटालियन मुलगी जागी होऊ नये म्हणून. पहिल्या उत्साहात कांदा तळायला घेतला की धुराची घंटा वाजते आणि अख्खी इमारत रात्रीच्या कपड्यांत थंडीत उभी राहते. हा प्रसंग बहुतेक वसतिगृहांच्या आठवणीत कोणाच्या ना कोणाच्या नावावर जमा असतो. त्यानंतर मुले ओट, दही, केळी आणि खजुरावर येतात. घरच्यांशी बोलण्याच्या वेळाही जुळत नाहीत. मार्चमध्ये महाराष्ट्रात मगरिबची अजान होते तेव्हा लंडनमध्ये दुपारचा एक वाजून गेलेला असतो, मुलगा वर्गात. तो रोजा सोडतो तेव्हा घरी रात्रीचे साडेअकरा. अम्मी तरीही जाग्या असतात. “काय खाल्लंस?” एवढेच विचारायचे असते. “सगळं खाल्लं,” एवढेच उत्तर असते.

हातमिळवणीचा प्रश्न मुलींना जास्त छळतो. परक्या पुरुषाशी हात मिळवायचा नाही, असे पाळणारी मुलगी मुलाखतीला जाते तेव्हा समोरचा हात पुढे झालेला असतो आणि विचाराला अर्धा सेकंद असतो. छातीवर हात ठेवून हसून मान लववण्याची पद्धत अनेकींनी बसवून घेतली आहे. काही जणी हात मिळवतात आणि विषय संपवतात. दोन्ही प्रकारच्या मुली चांगल्या कंपन्यांत लागतात.

2025 मध्ये होळीचा दिवस 14 मार्चला आला, शुक्रवारी, ऐन रमजानात. भारतीय विद्यार्थ्यांचा क्लब जवळपास प्रत्येक मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये असतो आणि होळी हा त्याचा वर्षातला मोठा कार्यक्रम. भारतीय मुसलमान विद्यार्थ्याची इथे वेगळी पंचाईत होते. अरब मित्राला वाटते, हा होळीला कसा गेला. महाराष्ट्रातल्या मित्राला वाटते, हा का आला नाही, गावी तर यायचा. रंग लावून घ्यायचा, थंडाई सूर्यास्तापर्यंत बाजूला ठेवायची आणि अंघोळ करून मशीद गाठायची, असा मधला रस्ता काहींनी काढला. कोणी ठेवलेली थंडाई दुसऱ्याच कोणीतरी पिऊन टाकली असेल, तर तो होळीचा धर्म.

पैशाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. लंडनमध्ये एमबीएची फीच एक लाख पौंडांच्या वर गेली आहे. ती कर्जाशिवाय बहुतेकांना शक्य नाही आणि कर्ज म्हणजे व्याज. व्याज निषिद्ध, पण शिक्षणाची निकड म्हणून काही उलेमा मोकळीक देतात, काही देत नाहीत. काही घरे मामा-काकांकडून कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी उसने, गोळा करून मुलाला पाठवतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज केंद्र सरकार ‘पढो परदेश’ योजनेतून भरत असे, ती योजना 2022-23 पासून बंद झाली. असे उसने डोक्यावर असलेल्या मुलाला वर्गमित्र विचारतात, “आल्प्सला स्कीइंगला येतोस ना? जपानच्या सहलीला?” तिथे नाही म्हणताना धर्माची ढाल मिळत नाही. दारू नको म्हटले तर लोक आदराने मान डोलावतात, पैसे नाहीत म्हटले की अवघडतात. म्हणून कित्येक मुले खर्चाचे कारणसुद्धा धर्मावर ढकलून मोकळी होतात. हे बरे की वाईट, ते त्यांचे त्यांनी ठरवावे, पण मामाच्या पैशाने बर्फावर घसरण्यापेक्षा ते नक्कीच बरे.

दरवेळी आपणच दुसऱ्यांच्या मैफलीत जायचे, असेही नाही. 2013 मध्ये लंडनच्या सोअसमधल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ‘रमजान टेंट प्रोजेक्ट’ सुरू झाला. मोकळ्या जागेत दस्तरखान अंथरायचा आणि येईल त्याला, कुठल्याही धर्माचा असो, बसवायचे. पुढे हा खुला इफ्तार ट्रॅफल्गार चौकात पोचला, 2023 मध्ये चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावरही झाला. बिझनेस स्कूलमधल्या मुलांनी हीच युक्ती छोट्या प्रमाणात उचलली आहे. एजवेअर रोडवरून कबाब, युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवरून भजी आणि शेवया, खजूर घरून आलेले. दिवसभर उपाशी राहून बघायची हौस म्हणून दोन-तीन गोरे वर्गमित्र रोजा धरतात आणि चार वाजता “पाणीसुद्धा नाही?” असे पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतात. दस्तरखानावर दारू नसते, तरी गप्पा दहापर्यंत चालतात. सल्लागार कंपनीतला तो माजी विद्यार्थी इथेही येतो, कधीकधी मुलांनाही घेऊन.

पुढची वर्षे थंडीतली आहेत. 2030 मध्ये तर रमजान दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. डिसेंबरअखेर लंडनमध्ये सूर्य चारच्या सुमाराला मावळतो. वर्षअखेर म्हणून त्या दिवसांत वर्ग बंद असतील, पण जानेवारीत सुरू असतील, आणि मगरिबची वेळ तासाच्या मधोमध येईल. तेव्हा प्राध्यापकांना आठवडाभर आधी कळवून ठेवावे, मागच्या बाकावर दाराजवळ बसावे आणि तीन खजूर व पाण्याची बाटली कोटाच्या खिशात ठेवावी. शेजारच्यासाठीही एक खजूर असू द्यावा, तो मागतोच.