कानात की कानावर? आयईएम आणि हेडफोनबद्दलचे सहा गैरसमज

गाणं मन लावून ऐकायचं तर मोठा हेडफोनच हवा, असं एक गट ठामपणे सांगतो. दुसरा म्हणतो, हल्ली गायकही मंचावर आयईएम लावतात, मग डोक्यावर ओझं कशाला? दोघांच्या बोलण्यात थोडं खरं आहे आणि बरंच ऐकीव. आयईएम, म्हणजे इन-इअर मॉनिटर, कानाच्या नळीत शिरून तिचं तोंड बंद करतो. पूर्वी मोबाइलच्या खोक्यात मिळायचा तो कानाच्या खळग्यात नुसता टेकणारा कडक प्लास्टिकचा इअरफोन, तो हा नव्हे.

गैरसमज १ : एवढ्याशा यंत्रातून खर्ज कसा येणार?

वस्तुस्थिती : मोठ्या हेडफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, साधारण ४० ते ५० मिलिमीटरचा असतो, आयईएममधला बहुधा १० मिलिमीटरच्या आसपास. तरीही नीट बसलेला आयईएम डग्ग्याचा घुमारा तळापर्यंत ऐकवतो. त्याला खोलीभर हवा हलवायची नसते. टिप (आयईएमच्या तोंडावरची मऊ टोपी) आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन घनसेंटिमीटर हवा उरते आणि एवढ्या बंदिस्त जागेत ड्रायव्हर किंचित हलला तरी हवेचा दाब पुरेसा बदलतो.

अट एकच, जागा बंदिस्तच हवी. फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज जातो आणि आवाज पातळ वाटू लागतो. ‘याला बासच नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा चुकीच्या मापाच्या टिपमध्ये असतं. उजव्या कानात आयईएम घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी. त्यानं नळी सरळ होते. मग टिप हलकेच फिरवत आत बसवावी. तोंड मिटून ‘म्‌म्‌’ असा सूर लावला आणि तो डोक्यात घुमला, तर कान बंद झाला असं समजावं. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची टिप लागली तर नवल नाही.

बंद पाठीच्या हेडफोनलाही हाच नियम लागू आहे. चष्म्याची काडी गादीखाली आली की तिथून फट पडते आणि खर्ज उतरतो.

गैरसमज २ : हेडफोनमध्ये मैफल समोर उभी राहते, आयईएममध्ये सगळं डोक्यात कोंबल्यासारखं वाटतं

वस्तुस्थिती : हे निम्मं खरं आहे. आवाज कुठून आला हे ठरवायला कानाची बाहेरची पाळी आणि तिच्या वळ्या मदत करतात. हेडफोनचा आवाज या पाळीवरून आत जातो, आयईएम तिला वगळून थेट नळीत बोलतो. त्यातही उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये ध्वनी मागून मोकळा सुटतो, त्यामुळे ऐकताना प्रशस्त वाटतं. १९६८ साली आलेल्या सेनहायझर एचडी ४१४ पासून हा प्रकार घराघरांत रुजला.

पण मैफल ‘समोर’ दोन्हींत येत नाही. बहुतेक ध्वनिमुद्रणांचं मिश्रण दोन स्पीकरांसाठी केलेलं असतं. खोलीत उजव्या स्पीकरचा आवाज थोड्या उशिरानं डाव्या कानालाही पोचतो. हेडफोन आणि आयईएम दोन्हींत तो पोचत नाही, म्हणून गायक दोन कानांच्या मधोमध बसल्याचा भास होतो. फरक असतो तो भासाच्या व्याप्तीत.

गैरसमज ३ : कानात घालायचं यंत्र कानाला जास्त घातक

वस्तुस्थिती : इजा होते ती आवाज किती मोठा आणि किती वेळ, यावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला फक्त ५.

लोकलच्या डब्यात उघड्या पाठीचा हेडफोन लावला तर बाहेरचा गोंगाट जसाच्या तसा आत येतो आणि त्यावर मात करायला हात आपोआप आवाज वाढवतो. नीट बसलेला आयईएम बाहेरचा आवाज २० डेसिबलपर्यंत, कधी त्याहूनही जास्त रोखतो. त्यामुळे कमी आवाजातही शब्द कळतात. हा फायदा घ्यायचा तर आवाज खरोखर खाली आणायला हवा. रस्ता ओलांडताना मात्र हेच गुण जिवावर बेततात. तिथे आयईएम काढलेलाच बरा.

गैरसमज ४ : जितके ड्रायव्हर, जितकी किंमत, तितका आवाज सरस

वस्तुस्थिती : एका कानात एक ड्रायव्हर असलेला आयईएम दहावाल्याला मागे टाकू शकतो. ड्रायव्हर वाढले की स्वर त्यांच्यात वाटून द्यावे लागतात आणि ही वाटणी साधली नाही तर आवाज तुटक होतो. किमतीबद्दल तर मोजमापच उपलब्ध आहे. संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८३ हेडफोनांची तुलना केली. त्यात कानातलेही होते. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (खालपासून वरपर्यंतचे स्वर किती जोरात वाजतात ते) आणि किंमत यांचा संबंध त्यांना आढळला नाही. जास्तीचे पैसे बांधणी, आराम, सुटे भाग आणि नाव यांतही जातात.

गैरसमज ५ : हेडफोनला अँप (अ‍ॅम्प्लिफायर) हवाच, आयईएमला काहीच लागत नाही

वस्तुस्थिती : सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा (ओहम हे विद्युत अवरोधाचं माप) हेडफोन फोनवर दबलेला वाटू शकतो. पण ३२ ओहमचे कितीतरी हेडफोन फोनवर खणखणीत वाजतात. ओहमच्या जोडीला संवेदनशीलताही पाहावी. आयईएमची अडचण उलटी असते. तो इतका संवेदनशील असतो की ताकदवान अँपवर गाणं थांबल्यावरही बारीक सुस्कारा ऐकू येतो. काही बहु-ड्रायव्हर आयईएमचा तर स्वरच अँपनुसार बदलतो.

गैरसमज ६ : गायक मंचावर वापरतात, म्हणून ऐकायलाही तेच उत्तम

वस्तुस्थिती : मंचावरची गरज वेगळी असते. १९९५ साली ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी व्हॅन हेलन या अमेरिकी रॉक वाद्यवृंदाचे ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी आयईएम घडवला. मंचावरचा दणदणाट बाहेर ठेवून आपल्याला हवं तेवढंच ऐकू यावं, हा त्यामागचा हेतू होता. कलाकाराला तिथे ताल-सूर सापडायला हवा, रसास्वाद घ्यायचा नसतो. त्यामुळे ‘मॉनिटर’ नावावरून आवाजाचा दर्जा ठरवू नये.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. आयईएमची एक बाजू हळू वाजू लागली की यंत्र गेलं असं समजून फेकू नका. तोंडावरच्या जाळीत बहुधा मळ अडकलेला असतो. टिप काढा, जाळी खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.

मग घ्यावं काय? प्रवास, कचेरी, गजबज असेल तर आयईएम. शांत खोली असेल, तंबोऱ्याच्या आसेत तासभर बसायचं असेल आणि शेजारच्याला आवाज गेला तरी चालणार असेल, तर उघड्या पाठीचा हेडफोन. कानात काही घातलं की खाज येते, पू येतो अशांनी आयईएमच्या वाटेला जाऊ नये. खरेदीला जाताना पूर्ण पाठ असलेलं एक गाणं सोबत न्या आणि आयईएम नापसंत करण्याआधी टिप बदलून ते पुन्हा एकदा ऐका.