संकेतस्थळावरील घटनामापन: काही गैरसमज

संकेतस्थळाला किती माणसांनी भेट दिली हे विश्लेषण-साधन सांगते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हे साधन ब्राउझरमध्ये घडलेल्या क्रियांची नोंद ठेवते आणि माणसांचा आकडा त्यावरून अनुमानाने काढला जातो. गूगलच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या जुन्या प्रणालीचा पाया 'सत्र', म्हणजे एका बैठकीतील वावर, हा होता. जुलै २०२३ मध्ये तिची जागा घेणाऱ्या गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये मात्र पान उघडणे, ते खाली सरकवणे, फाइल उतरवून घेणे यांपैकी प्रत्येक क्रिया ही स्वतंत्र 'इव्हेंट' किंवा घटना ठरते आणि तिला पानाचा पत्ता, दुव्याचे नाव असे तपशील, म्हणजेच 'पॅरामीटर', जोडलेले असतात.

सांताक्रूझ पूर्वेला मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात एखाद्या विद्यार्थिनीने निकालाचे पान मोबाइलवर उघडून ते लागोपाठ नऊ वेळा रिफ्रेश केले, असे समजा. पान पाहिल्याच्या घटना दहा होतात, सत्र मात्र एकच राहते, कारण सत्र संपण्यासाठी सहसा तीस मिनिटे काहीच हालचाल न होणे आवश्यक असते. संध्याकाळी तिनेच घरच्या संगणकावर ते पान पाहिले, तर ओळख ब्राउझरमधील कुकीवर बेतलेली असल्याने नोंदीत वापरकर्ते दोन होतात. उलट सायबर कॅफेतल्या एका संगणकावर चौघांनी निकाल पाहिला, तर वापरकर्ता एकच दिसू शकतो. लॉगिनची सोय असून संकेतस्थळाने त्या लॉगिनचा ओळखक्रमांक साधनाला पुरवला, तरच हा घोळ कमी होतो.

अधिक फसवा शब्द 'एंगेजमेंट' हा होय. सत्र दहा सेकंदांहून अधिक टिकले, किंवा त्यात दोन पाने पाहिली गेली, किंवा महत्त्वाची म्हणून ठरवलेली एखादी घटना घडली, की ते 'एंगेज्ड' ठरते आणि उरलेल्या सत्रांचे प्रमाण म्हणजे बाउन्स रेट. त्यामुळे आठ सेकंदांत गुण पाहून समाधानाने निघून गेलेली विद्यार्थिनी बाउन्समध्ये जमा होते, तर आसनक्रमांकाची चौकट शोधण्यात मिनिटभर चाचपडणारा मुलगा 'रमलेला' गणला जातो. पान नव्वद टक्के खाली सरकले की होणारी स्क्रोलची नोंदही मजकूर वाचल्याचा पुरावा नव्हे.

सारे काही आपोआप नोंदले जाते, हाही भ्रमच. पावसाच्या मापनाचे उदाहरण घ्या: २६ जुलै २००५ च्या मुंबईतील अतिवृष्टीत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तर कुलाब्यात ७५ मिलिमीटरही नाही. यंत्र जिथे असते तिथलेच माप मिळते; संकेतस्थळाचेही तसेच. 'पुनर्मूल्यांकनाचा अर्ज अर्धवट सोडला' ही घटना कोणी मुद्दाम आखून दिली नसेल, तर अहवालात ती नसतेच, आणि कुकी नाकारणारे किंवा मापनाची स्क्रिप्ट अडवणारे वापरकर्तेही पूर्णपणे मोजले जात नाहीत.

वापरकर्त्याशी निगडित तपशीलवार नोंदी मूळ मांडणीत दोनच महिने जपल्या जातात; मोफत आवृत्तीत ही मुदत चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येते, पण ते आधीच करावे लागते, अन्यथा गेल्या वर्षीच्या निकालकाळाची सखोल तुलना करायला एकत्रित आकडे तेवढे उरतात.