यकृताची कसोटी काचेच्या बशीत

मेहकरच्या शाखेत असताना औषध-दुकानांच्या कर्जखात्यांची साठा-तपासणी माझ्याकडे असे. अशाच एका भेटीत वयोवृद्ध दुकानमालक फडताळाकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, आपण कंदमुळे वर्ज्य करतो, पण या गोळ्यांमागे किती उंदीर-ससे गेले, याचा हिशोब कोण ठेवतो?" माझ्याकडे उत्तर नव्हते. निवृत्तीनंतरच्या वाचनात एक धागा हाती लागला.

पोटात गेलेल्या बहुतेक औषधांचे रूपांतर यकृतात होते. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित. मात्रा फार वाढल्यास त्यापासून यकृतातच तयार होणारे विषारी द्रव्य तेथील पेशी मारते. नव्या औषधाची ही पारख प्रामुख्याने प्राण्यांवर होत आली. परंतु प्राण्याचे यकृत म्हणजे माणसाचे यकृत नव्हे. १९९३ साली अमेरिकेत फियालुरिडिन हे हिपॅटायटिस-बीवरील औषध १५ रुग्णांना दिले गेले. प्राण्यांवरील चाचण्यांत धोका दिसला नव्हता. तरीही सात जणांचे यकृत निकामी झाले, पाच दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणाने वाचले. प्राण्यांचे जीव गेले ते गेलेच, माणसांनाही त्याचे संरक्षण मिळाले नाही.

क्योटोचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना मूलपेशींचे रूप दिले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अशा मूलपेशींपासून प्रयोगशाळेत यकृतपेशी घडवता येतात. त्यासाठी भ्रूण लागत नाही. मृत दात्याच्या यकृतातून काढलेल्या पेशी बशीत थोड्याच दिवसांत आपले गुण गमावतात. मूलपेशींचा साठा मात्र पुनःपुन्हा वाढवता येतो. निरनिराळ्या व्यक्तींच्या पेशींवर एकच औषध पडताळताही येते.

बँकेच्या सवयीने नावेची बाजूही पाहिली. या यकृतपेशी अजून अपक्व, गर्भातील बाळाच्या पेशींसारख्या असतात. औषध पचवणारी विकरे त्यांत कमी. शिवाय पेशी वाढवण्याच्या द्रवात पुष्कळदा गाईच्या गर्भातील वासराच्या रक्तातला अंश असतो. हे वाचून मी थबकलो. आता तो अंश टाळणारे द्रवही मिळतात. मार्च २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने नियम बदलून पेशींवरील चाचण्यांना मान्यता दिली. ती मुभा आहे, सक्ती नाही.

गेल्या पर्युषणात त्या दुकानाच्या गल्ल्यावर त्यांचा नातू भेटला. सारे ऐकून त्याने विचारले, "मग काका, औषधाच्या वेष्टनावर हिरवा ठिपका कधी येणार?"

"तूर्त नाही," मी म्हणालो.