कानात एक, ओठांवर एक

टीव्हीवरच्या गप्पांच्या एका कार्यक्रमासाठी मी काही काळ संशोधनाचं काम केलं. म्हणजे पाहुण्यांची माहिती गोळा करायची, प्रश्न काढून द्यायचे आणि शूटिंगच्या वेळी पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, निर्मात्याच्या मागे उभं राहायचं. माझ्या कागदावरचे प्रश्न आमच्या निवेदिका ताई फारसे विचारायच्याच नाहीत. आधी राग यायचा, मग त्या काय बोलतात हेच मी टिपायला लागले.

लाल दिवा लागण्याआधी त्यांचं मराठी अगदी घरगुती. ‘‘गाडी वेळेवर आली ना? चहात साखर चालते?’’ तेवढ्यात साउंडवाला आवाजाची पातळी बघून घ्यायचा आणि पाहुणा कशावर खुलतो, हे ताईंना कळायचं. दिवा लागला की त्याच ताई ‘‘रसिकहो’’ म्हणत उभ्या. ही भाषा पाहुण्यासाठी नसतेच, ती रिमोट हातात धरून बसलेल्यासाठी असते. विशेषणांवर विशेषणं चढत जातात आणि पाहुण्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं, तोवर चॅनल बदलायचं राहून जातं.

गप्पा सुरू झाल्या की त्यांची वाक्यं तोकडी होत जायची. ‘हं’, ‘अच्छा’ तर तोंडातून निघायचंच नाही, कारण पाहुण्याच्या आवाजावर दुसरा आवाज चढला की एडिटरला तिथे कापता येत नाही. म्हणून मान डोलवायची. एका नटाने 1982च्या गिरणी संपात वडिलांची नोकरी गेल्याचं एका वाक्यात उरकलं. कागदावर पुढचा प्रश्न त्याच्या पहिल्या नाटकाचा होता. ताईंनी एवढंच विचारलं, ‘‘मग घरी?’’ तो थांबला. मग आईने सुरू केलेली खानावळ निघाली, शाळेआधी पोचवायचे डबे निघाले, उधारी मागायला जायची लाज निघाली. नाटकाचा प्रश्न राहिला तो राहिलाच.

नातं लावण्याचीही एक तऱ्हा असते. 2004 साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या टीव्ही कार्यक्रमात आदेश बांदेकर घरोघरच्या बायकांना ‘वहिनी’ म्हणत आणि स्वतः ‘भावोजी’ होत. दीर-भावजयीत थट्टामस्करी आपल्याकडे चालतेच. त्यामुळे नवरा घरात काय काम करतो, सासूशी पटतं का, हे सासूसमोरच विचारता येई आणि कुणाला आगाऊपणा वाटत नसे. तोच प्रश्न ‘मॅडम’ म्हणून विचारून बघा. अवधूत गुप्ते यांच्या ‘खुपते तिथे गुप्ते’ या गप्पांच्या कार्यक्रमाची गंमत उलटी. तिथे आडनावाचं यमक जुळवून चिमट्याची सूचना नावातच दिलेली, त्यामुळे पाहुणा तयारीनेच बसत असे.

आमच्या ताईंच्या कानात इअरपीस असायचा. समोरचा आईच्या आठवणीने गहिवरलेला आणि निर्माता कानात ओरडतोय, ‘‘नव्वद सेकंद, गुंडाळा!’’ चेहऱ्यावर काही न दाखवता त्या एक श्वास जाऊ द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘‘जाता जाता एकच...’’ सवयीचे पाहुणे या शब्दांवर आवरतं घेतात. नवखे मात्र ‘‘त्याचं असं झालं’’ म्हणून पहिल्यापासून सुरू करतात, मग पीसीआरमध्ये जी भाषा चालते ती इथे छापण्यासारखी नाही.

पुढाऱ्यांसाठी वेगळं हत्यार होतं, ‘‘लोक म्हणतात...’’ आरोप करायचा, पण आपल्या अंगाला लावून घ्यायचा नाही. मला ही युक्ती जरा पळपुटी वाटते, तरी बरेचदा ती लागू पडायची. एकदा एका मुरलेल्या नेत्याने ती तिथल्या तिथे पकडली. ‘‘लोक म्हणजे कोण, नावं सांगा की!’’

‘‘तुमच्याच मतदारसंघातले. कॅमेरा बंद झाला की सांगते.’’

तो खो खो हसला आणि उत्तर देऊन बसला. कॅमेरा बंद झाल्यावर त्याने नावं विचारली, ताईंनी चहा मागवला.