‘मी केलं’ असं लिही ना!

“मावशी, एक पान पाठवलंय. फक्त इंग्रजी तपासून दे हं. बाकी सगळं त्यांनी केलंय.”

भाचीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचंही इंग्रजीचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. लग्नपत्रिकेपासून विम्याच्या क्लेमपर्यंत! तेव्हा हेही तसंच काहीतरी असेल म्हणून मी “बरं, बघते” म्हटलं आणि जेवणं उरकल्यावर चष्मा लावून बसले.

भाची तासगावची. २०२४ साली फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. झाली. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. तिला पुढे एम.एस्सी.साठी परदेशी जायचं होतं. आदल्या वर्षी दोन ठिकाणांहून नकार आला होता. आता नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात अर्ज करायचा होता. शेती आणि अन्न या विषयांत या विद्यापीठाचं नाव जगभर आहे. अर्जासोबत एक पत्र द्यायचं असतं. कुठे त्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात, कुठे ‘मोटिव्हेशन लेटर’. नाव काहीही असो, विचारायचं एवढंच असतं की बाई गं, तू कोण, तुला हाच विषय का शिकायचाय, आमच्याकडेच का, आणि आजवर त्यासाठी काय केलंस?

हे पत्र शहरातल्या एका सल्लागाराने लिहून दिलं होतं. चांगले तीस हजार मोजून.

वाचलं. इंग्रजीत एकही चूक नव्हती! ‘लहानपणापासूनच मला अन्नाविषयी जबरदस्त ओढ होती’ अशी सुरुवात. मग ती मेहनती आहे, जिद्दी आहे, तिच्यात नेतृत्वगुण आहेत, ती सर्वांशी मिळूनमिसळून वागते. मला तर लग्नाचा बायोडाटाच वाचतेय असं वाटलं. ‘गव्हाळ वर्ण, मनमिळाऊ स्वभाव, गृहकृत्यदक्ष’ एवढंच काय ते राहिलं होतं! आणि शेवटच्या परिच्छेदात तर आदल्या वर्षी नकार देणाऱ्या विद्यापीठाचं नाव तसंच राहिलेलं. म्हणजे गेल्या वर्षीचंच पत्र नाव बदलून दिलं होतं, आणि नावही धड बदललं नव्हतं.

मी तिला फोन केला. “यात तू कुठे आहेस गं?”

“म्हणजे?”

“हे पत्र लातूरच्या मुलीचं म्हणून दिलं तरी चालेल. नाशिकच्या मुलाचं म्हणूनही चालेल. तुझं काय आहे यात?”

ती गप्प. मग म्हणाली, “माझं काय असणार मावशी? आम्ही गावातले.”

हे वाक्य मला फार लागलं. कारण तिच्या वयाची होते तेव्हा मीही हेच म्हणत होते. विद्यापीठात एम.ए.च्या मुलाखतीला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर मी वडील काय करतात, भाऊ किती, हे सांगून मोकळी झाले होते. आपल्याकडे मुलीला लहानपणापासून बजावलेलं असतं, आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये. चांगलंच आहे ते. पण त्याचा अर्थ आपण केलेलं कामही सांगू नये असा कधी झाला, ते आपल्यालाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी एसटीने थेट तासगाव गाठलं. ताईच्या हातचा चहा झाला आणि मी भाचीला म्हटलं, “तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काय होता, मराठीत सांग.”

तर काय निघालं म्हणता! बेदाणा करताना द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात आणि शेडमधल्या जाळीच्या रॅकवर एकावर एक थरांत पसरतात. साधारण पंधरा दिवसांत माल सुकतो. पण सगळ्या थरांत सारखा सुकत नाही. हिने वरच्या, मधल्या आणि खालच्या जाळीवरचे नमुने रोज सकाळ-संध्याकाळ वजन करून वहीत लिहिले होते. शेडमधलं तापमान, हवेतला दमटपणा, सगळं. तिच्या शेडमध्ये खालचा थर मागे राहतो हे आकड्यांत दाखवलं, आणि त्यावरून भावोजींनी पुढच्या हंगामात दोन जाळ्यांमधलं अंतर वाढवलं.

“आणि हे पत्रात नाही?”

“ते म्हणाले, घरगुती वाटेल. मोठ्या कंपनीतली इंटर्नशिप असती तर लिहिलं असतं.”

मी कपाळावर हात मारला. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तासगावच्या सौद्यांना कुठकुठून व्यापारी येतात. आणि त्या बेदाण्याच्या शेडमध्ये वाढलेली, फूड टेक्नॉलॉजी शिकलेली पोर आपल्या अर्जात ‘अन्नाविषयी ओढ’ लिहिते!

मग आम्ही दोघी लिहायला बसलो. खरं तर तीच लिहीत होती, मी नुसती टोकत होते. पहिलं वाक्य तिने लिहिलं, ‘घरच्या शेडमध्ये निरीक्षणे घेण्यात आली.’

“कुणी घेतली?”

“मी.”

“मग ‘मी घेतली’ असं लिही ना! भूत येऊन घेऊन गेलं का?”

हसली, पण तो ‘मी’ लिहायला तिला खरंच जड जात होतं. दोनदा ‘आम्ही’ लिहिलं, खोडलं. आमच्या कॉलेजातही मुली असंच लिहितात. मुलगे एका दिवसाच्या शिबिराला ‘मी नेतृत्व केलं’ म्हणून मोकळे होतात!

अशी एकसारखी पत्रं वाचून तिकडची मंडळी किती कंटाळत असतील, याचा एक किस्सा मी तिला सांगितला. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशाचे अर्ज ‘यूकास’ नावाच्या संस्थेमार्फत जातात. २००७ साली त्यांनी अर्ज संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिले, तर २३४ जणांनी एकच आठवण लिहिलेली! आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना आपल्या पायजम्याला जळून भोकं पडली, तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली म्हणे. पायजमा एक आणि जाळणारे २३४! सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून उतरवलं होतं. आता तर मोबाईलवर दोन मिनिटांत निबंध तयार मिळतो. गुळगुळीत, बिनचूक आणि कुणाचाही. त्याच यूकासने २०२६च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन वेगळे प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्यातला एक आहे की शिक्षणाबाहेर तुम्ही काय तयारी केलीत. म्हणजे आपल्या पोरींना जे सांगायची लाज वाटते, तेच ते मुद्दाम विचारतात.

खरी अडचण पुढेच होती. दुसऱ्या वर्षाला तिला एका विषयात केटी लागली होती. सल्लागाराने सांगितलं होतं, त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पण गुणपत्रकं तर अर्जाला जोडायचीच असतात. त्यात ते दिसणारच ना? मी विचारलं, “का लागली होती?” ती आईकडे बघायला लागली. २०२१च्या डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला तो तुम्हाला आठवत असेल. द्राक्षमणी फुटले, घड कुजले. महिनाभर घरात कुणी धड जेवलं नव्हतं. ही परीक्षा सोडून फवारणीच्या मागे धावत होती. पुढच्या सत्रात तोच विषय चांगल्या गुणांनी सोडवला.

“हे लिहायचं? रडगाणं वाटेल.”

“रडगाणं गाऊ नकोस. काय झालं, काय केलंस, दोन ओळींत लिही आणि पुढे जा.”

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण त्यांनी प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र फार थोड्यांनी वाचलंय. अमेरिकेत पोचल्यावर १८८३च्या जूनमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला ते लिहिलं. वय अठरा. तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या करणं मला जमेल असं दिसत नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलंय. आणि लगेच सांगितलंय की स्वकीयांचा, जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले ते कशासाठी, तर पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण बरं म्हणणाऱ्या माझ्या देशातल्या बायकांसाठी. ‘मी जिद्दी आहे’ असं नुसतं म्हणून त्या थांबल्या नाहीत, काय ओलांडून आले तेच लिहिलं. प्रवेश मिळाला. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या.

बारीकसारीक दुरुस्त्याही बऱ्याच निघाल्या. बायोडाटात वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र होतं. सगळं काढलं. तिकडे ते कुणी विचारत नाही. शिफारसपत्राचं तर विचारूच नका. “तूच लिहून आण, मी सही करतो,” असं सर म्हणाले होते. सगळीकडे हेच चालतं, आणि मला ते मुळीच पटत नाही. बरीच विद्यापीठं हल्ली शिक्षकाच्या ईमेलवर थेट विचारणा करतात. म्हणून तिने प्रोजेक्टमध्ये काय केलं ते एका पानावर लिहून सरांना दिलं आणि नम्रपणे म्हणाली, “सर, यावरून तुम्हीच तुमच्या शब्दांत लिहा.” सरांनी लिहिलं की! वेळ नसतो त्यांना, आणि कोणती मुलगी कोणती हेही आठवत नसतं.

निकाल काय लागला ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तोच विचार करत बसाल. प्रवेश मिळाला. नुसत्या पत्राने मिळाला असं मी म्हणणार नाही. मार्क लागतात, इंग्रजीची परीक्षा लागते, आणि पैसा तर लागतोच. कर्जाचे कागद अजून बँकेत अडकलेत. भावोजी रोज एक नवा दाखला काढायला तहसीलमध्ये असतात.

पण मला त्या रविवारची संध्याकाळच जास्त आठवते. पत्र होत आलं होतं, तरी एक जागा अडत होती. माल सुकला की नाही हे शेडवर ताई ठरवते. मूठभर बेदाणे घेते, दाबते, सोडते. मोकळे झाले तर तयार. भाचीने आईचा तो अंदाज आपल्या वजनकाट्याशी रोज ताडून पाहिला होता, आणि बहुतेक वेळा आई बरोबर निघाली होती. वहीत एक रकानाच होता, ‘आईचा हात’. पण पत्रात तो घालायला ती तयार नव्हती. “आई सातवी शिकलीय मावशी. हसतील.”

“वहीत लिहिलंस तेव्हा हसली होतीस का?”

मग तिने लिहिलं. ते हाताला कसं कळतं, हेच मला शिकायचंय, असंही पुढे लिहिलं. ते मी नव्हतं सुचवलं.

ताई भाकऱ्या थापत होती. पत्रातला तो भाग भाचीने मराठी करून तिला वाचून दाखवला. ताईचा हात थांबला.

“माझं कशाला लिहिलंस त्यात? मी काय केलं? रात्री आभाळ आलं की उठून पडदे सोडले, एवढंच.”

भाचीने पेन घेतलं. “पडदे किती वाजता सोडायचीस गं आई?”